सातशे रुपये, दहा वर्षं आणि राज्यशास्त्राची पदवी



बारावीचा निकाल लागला की आपल्या बडोद्याच्या मराठी घरांतून एक ठरलेलं वाक्य ऐकू येतं. मुलगी किंवा मुलगा म्हणतो, मला राज्यशास्त्र घ्यायचंय. आणि घरातलं कुणीतरी मोठं म्हणतं, "म्हणजे? निवडणूक लढवणार काय?" हसून झालं की खरा प्रश्न येतो. यात मिळणार किती? आणि आता एक नवा प्रश्न त्याला जोडून येतो. शिक्षणासाठी कर्ज काढायचं, तर ते फेडणार कसं?

मी कॉमर्सचा माणूस. बी.कॉम. इथेच, म. स. विद्यापीठात. त्यानंतर सगळी हयात बँकेत गेली आणि त्यातली बरीच वर्षं कर्जाच्या टेबलावर. राज्यशास्त्र मला परीक्षेपुरतंसुद्धा वाचावं लागलं नाही. पण शिकण्यासाठी घेतलेला पैसा आणि त्याची परतफेड या विषयात आपल्या गावाचा इतिहास मोठा आहे. तो आपल्या मुलांना ठाऊक नाही, म्हणून हे लांबलचक लिहितोय. चहा घेऊन बसा.

पहिलं कर्ज-खातं

१९१२ साली मुंबई विद्यापीठाची बी.ए. पदवी एका तरुणाने मिळवली. विषय होते अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र. एल्फिन्स्टन कॉलेजात शिकताना त्याला बडोदे संस्थानाकडून महिना २५ रुपये मिळत होते, आणि ते मिळवून देण्यात केळूसकर गुरुजींचा वाटा होता. पदवीनंतर हा तरुण बडोद्यात नोकरीवर रुजू झाला. थोड्याच दिवसांत वडील गेले, २ फेब्रुवारी १९१३ रोजी. त्यानंतर सयाजीराव महाराजांनी त्याला अमेरिकेला पाठवायचं ठरवलं. तीन वर्षांसाठी दरमहा साडेअकरा पौंड.

तो तरुण म्हणजे भीमराव आंबेडकर, हे तुम्ही ओळखलंच असेल. पण एका गोष्टीकडे आपलं लक्ष जात नाही. ही मदत दानधर्म नव्हता. तो करार होता. ४ जून १९१३ ला त्यावर सही झाली. शिक्षण पुरं झाल्यावर बडोदे संस्थानाची दहा वर्षं नोकरी करायची, ही अट होती.

आता माझी बँकेची सवय जात नाही, म्हणून हिशेब मांडतो. त्या काळी एक रुपया म्हणजे १६ पेन्स, म्हणजे एका पौंडाला १५ रुपये. साडेअकरा पौंडांचे झाले १७२ रुपये ८ आणे महिना. तीन वर्षांचे ३६ महिने धरले तर ६,२१० रुपये. ही फक्त ठरलेल्या मासिक रकमेची बेरीज, बाकीचा खर्च मी यात धरलेला नाही.

हा विद्यार्थी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेला. तिथे अर्थशास्त्र, इतिहास, समाजशास्त्र हे सगळे विषय 'राज्यशास्त्र विद्याशाखा' या एका छपराखाली शिकवले जात. १९१५ ला एम.ए. झालं. मग लंडन. आणि १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून अभ्यास अर्धा टाकून परत यावं लागलं. परत कुठे? करार होता तिथे. बडोद्याला.

करार कुणी मोडला?

पुढचं सगळं बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलंय. बडोद्यात उतरल्यावर राहायचं कुठे हाच प्रश्न. हिंदू खाणावळीत जागा नाही. शेवटी एका पारशी सरायीत पारशी नाव सांगून दिवसाला दीड रुपयावर राहिले. नेमणूक होती अकाउंटंट जनरलच्या कचेरीत उमेदवार म्हणून. सरकारी बंगल्यासाठी अर्ज केला होता, तो एका अधिकाऱ्याकडून दुसऱ्याकडे फिरत राहिला. (हे वाचताना माझ्यातल्या बँकवाल्याला ओशाळायला झालं. टेबलावरून टेबलावर फिरणारे कागद मी चांगले ओळखतो.) अकराव्या दिवशी हातात काठ्या घेतलेले पारशी दारात उभे राहिले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडायला सांगितली. दोन मित्रांकडे आसरा मागितला, मिळाला नाही. मुंबईची गाडी रात्री नऊला. मधले पाच तास त्यांनी कमाटी बागेत काढले. आज त्या जागेला आपण संकल्पभूमी म्हणतो.

कचेरीत शिपाई कागद हातात न देता टेबलावर टाकत, असं चरित्रकारांनी लिहिलंय. मंडळी, त्या कचेऱ्यांतून काम करणारे कोण होते? आपल्यापैकी पुष्कळांचे आजे-पणजे. "आमचे पणजोबा सरकारच्या खात्यात होते" हे आपण अभिमानाने सांगतो. सांगावंही. पण हा प्रसंगही त्याच खात्यांतला आहे, तो वगळून अभिमान पुरा होत नाही.

कर्जाच्या दृष्टीने बघा. ऋणको शिकला, परत आला, कामावर हजर झाला. म्हणजे त्याने आपली बाजू पाळली. धनको काय द्यायला बांधील होता? नोकरी करता येईल अशी परिस्थिती. डोक्यावर साधं छप्पर. ते मिळालं नाही. तरीसुद्धा पुढे काही वर्षं बडोदे सरकारकडून त्या पैशाची मागणी होत राहिली. महाराजांचा हेतू मोठा होता, त्यांची यंत्रणा त्या हेतूएवढी मोठी नव्हती. कर्ज देणारा एक असतो आणि वसूल करणारा दुसराच, हे बँकेत बसलेल्या प्रत्येकाला माहीत आहे.

आणि कमाई? नोव्हेंबर १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात ते अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले, महिना ४५० रुपयांवर. आम्हा कॉमर्सवाल्यांचं हे आद्य कॉलेज, आणि तिथे शिकवायला राज्यशास्त्राचा पदवीधर! पुन्हा हिशेब करा. ६,२१० रुपये म्हणजे या नोकरीचा चौदा महिन्यांचाही पगार नाही. आज कुठल्याही बँकेत असं प्रकरण आलं, की ज्यात सगळं कर्ज सव्वा वर्षाच्या पगाराहून कमी आहे, तर मॅनेजर डोळे मिटून सही करेल.

पुढचं शिक्षण त्यांनी या पगारातली शिल्लक, कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून घेतलेले पाच हजार रुपये यांवर पुरं केलं. काठ्या घेऊन आलेलेही पारशी आणि अडीनडीला उभा राहिलेलाही पारशी. हेही लक्षात ठेवण्यासारखं.

प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचा कोलंबियाचा प्रबंध १९२५ ला पुस्तकरूपाने निघाला, तेव्हा तो बाबासाहेबांनी सयाजीराव महाराजांना अर्पण केला. मागणीची पत्रं एकीकडे आणि अर्पणपत्रिका दुसरीकडे. त्या काळचे दिवाण मनुभाई मेहता. त्यांच्या कन्या हंसाबेन पुढे घटना समितीत बाबासाहेबांबरोबर बसल्या, आणि १९४९ साली आपल्या म. स. विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू झाल्या. गाव लहान असतं, इतिहास त्याहून लहान.

दहाव्या हिश्श्याची माफी

स्वातंत्र्यानंतर केंद्र सरकारने १९६३ मध्ये राष्ट्रीय कर्ज-शिष्यवृत्ती सुरू केली. हुशार पण गरीब मुलाला बिनव्याजी कर्ज, नोकरी लागल्यावर हप्त्यांनी फेडायचं. माझ्या पिढीतल्या पुष्कळांना आठवत असेल. त्यातली एक तरतूद फार शहाणपणाची होती. जो विद्यार्थी शिक्षकी पेशात जाईल, त्याच्या कर्जाचा दहावा हिस्सा दरवर्षी माफ. दहा वर्षं शिकवलं की खातं निरंक.

दांडिया बाजारात आमच्या शेजारच्या वाड्यात एकजण होते, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठे. वडील भिक्षुकी करत. ही कर्ज-शिष्यवृत्ती घेऊन ते राज्यशास्त्रात एम.ए. झाले आणि जिल्ह्यातल्या एका कॉलेजात लागले. दरवर्षी कॉलेजकडून दाखला घ्यायचा, तो सरकारात पाठवायचा, एवढंच त्यांचं परतफेडीचं काम. मी बँकेत लागल्यावर एकदा म्हणाले, "अरे, तुमच्याकडे लोक पैसे देऊन कर्ज फेडतात, मी पंचायत राज शिकवून फेडतोय." त्यांच्या हाताखाली शिकलेले किती सरपंच, तलाठी, वकील निघाले ते त्यांनाच ठाऊक.

पण योजना म्हणून ती फसली. वसुली फारच कमी झाली. मुलगा शिकून कुठे गेला याचा पत्ता सरकारकडे राहत नसे. बिनव्याजी म्हटलं की निकड नाही, आणि पाठपुरावा करणारं कुणी नाही. शेवटी १९९१ च्या सुमारास ती गुंडाळली. पैसा देणं सोपं, खातं सांभाळणं कठीण. बाकी वसुली नाही म्हणून योजनाच वाईट होती असं मी म्हणणार नाही.

सातशेचा आकडा

आता कमाईचं बघू, कारण इथे सर्वांत जास्त गैरसमज आहेत.

१९७३ च्या सुमाराला कॉलेजातल्या लेक्चररची यूजीसी श्रेणी होती ७०० ते १,६००. त्याच सुमाराला आय.ए.एस. अधिकाऱ्याची सुरुवातीची श्रेणी ७०० ते १,३००. आणि आमच्या बँकांत पिल्ले समितीनंतर, १९७९ ला, पहिल्या पायरीच्या अधिकाऱ्याची श्रेणी ठरली ७०० ते १,८००. गंमत बघा. राज्यशास्त्राचा प्राध्यापक, त्याच विषयाच्या जोरावर कलेक्टर झालेला, आणि बी.कॉम. करून बँकेत लागलेला, तिघांचाही मूळ पगार सातशेपासून.

आज काय आहे? सातव्या वेतन आयोगात असिस्टंट प्रोफेसरचा मूळ पगार ५७,७०० पासून, आय.ए.एस.चा ५६,१०० पासून, आणि बँकेच्या पहिल्या पायरीच्या अधिकाऱ्याचा ताज्या करारानंतर ४८,४८० पासून. म्हणजे पन्नास वर्षांनीही राज्यशास्त्राचा माणूस कागदावर मागे नाही. उलट चार पावलं पुढेच.

मग लोक घाबरतात कशाला? कारण पगार पदवीला नसतो, जागेला असतो. आमच्या वेळी एम.ए. चांगल्या मार्कांनी झालं की दोन-तीन कॉलेजांत विचारणा होई. १९८९ पासून नेट परीक्षा आली, मग पीएच.डी.चा आग्रह आला. जागा निघणं मंदावलं. गुजरातमध्ये अनुदानित कॉलेजात लागलं तरी पहिली पाच वर्षं अध्यापक सहायक म्हणून ठरावीक रकमेवर. त्याच्याही आधी तासिका तत्त्वावर कितीतरी वर्षं. तासिकेवर शिकवणाऱ्याला उन्हाळ्याच्या सुट्टीत पैसे नसतात, पण घरभाडं आणि हप्ता सुट्टी घेत नाहीत.

इंजिनिअर झाला की बाविसाव्या वर्षी कमाई सुरू. राज्यशास्त्राच्या मुलाची खरी कमाई बहुधा अठ्ठाविशी-तिशीत सुरू होते, मग ती वकिली असो, स्पर्धा परीक्षा असो, पत्रकारिता असो की प्राध्यापकी. ही मधली सहा-आठ वर्षं कोण पोसणार, हा खरा प्रश्न आहे. कर्जाचा तक्ता ही वर्षं धरत नाही.

सर्क्युलरमधली एक ओळ

२००१ मध्ये बँकांची आदर्श शैक्षणिक कर्ज योजना आली. देशात शिकायला साडेसात लाखांपर्यंत, परदेशात पंधरा लाखांपर्यंत. चार लाखांपर्यंत तारण नाही, जामीनदार नाही, मार्जिन नाही. अभ्यासक्रम संपल्यावर एक वर्ष, किंवा नोकरी लागल्यावर सहा महिने, यातलं जे आधी असेल तेव्हापासून हप्ता. परतफेड पाच ते सात वर्षांत. पुढे मर्यादा वाढल्या आणि मुदतही पंधरा वर्षांपर्यंत गेली.

त्या सर्क्युलरमध्ये पात्र अभ्यासक्रमांची यादी होती. तीत पहिल्याच ओळीत बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. असं स्पष्ट लिहिलेलं. म्हणजे राज्यशास्त्राला कागदावर कधीच मनाई नव्हती. पण काउंटरवर काय होई ते मी पाहिलंय. २००३-०४ च्या सुमाराला वाडीतली एक मुलगी माझ्याकडे आली. राज्यशास्त्रात एम.ए. करायला तिला दिल्लीत प्रवेश मिळाला होता. वडील रिक्षा चालवत. आधी ती दुसऱ्या एका बँकेच्या शाखेत जाऊन आली होती. तिथे तिला सांगण्यात आलं की आर्ट्सला कर्ज मिळत नाही, आणि घ्यायचंच तर तेवढ्या रकमेची एफ.डी. दाखवा. एफ.डी. असती तर ती कर्ज मागायला कशाला आली असती?

मी सर्क्युलर काढून तिच्या वडिलांच्या पुढ्यात ठेवलं. दोन वर्षांची फी, होस्टेल, पुस्तकं मिळून रक्कम दोन लाखांच्या आत होती. कर्ज मंजूर झालं. एम.ए.नंतर नोकरी मिळायला तिला दोन वर्षं लागली आणि त्या काळात वडिलांनी थोडे थोडे पैसे भरले. कधी दोनशे, कधी पाचशे, पण महिना चुकला नाही. पुढे ती एका राज्य सरकारच्या सेवेत लागली आणि सगळी बाकी एकदम भरून टाकली. खातं बंद करायला वडील आले ते पेढे घेऊन. मी त्यांना म्हटलं, काका, पेढे आम्ही तुम्हाला द्यायला हवेत.

प्राप्तिकरातही हीच दृष्टी होती. शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर कलम ८० ई ची सवलत आधी इंजिनिअरिंग, मेडिकल, मॅनेजमेंट आणि विज्ञानाच्या पदव्युत्तर शिक्षणालाच होती. २००९ च्या अर्थसंकल्पाने ती बारावीनंतरच्या सर्व विषयांना खुली केली. (नव्या करप्रणालीत ही वजावट मिळत नाही, हे मुलांना सांगा.) त्याच वर्षी आलेली केंद्राची व्याज-माफी योजना साडेचार लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांसाठी होती, पण तांत्रिक आणि व्यावसायिक अभ्यासक्रमांपुरती. साधी बी.ए. बाहेरच. २०२४ च्या नोव्हेंबरात मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत मात्र विषयाऐवजी संस्थेचा दर्जा बघतात. ठरलेल्या दर्जेदार संस्थांत प्रवेश असेल तर तारण आणि जामीनदार लागत नाही, आणि आठ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या घरांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याज-सवलत आहे. हा बदल चांगला आहे.

हप्त्याला मन नसतं

आमच्या घरात हा प्रश्न सध्या प्रत्यक्ष आहे. धाकट्या भावाच्या नातीला राज्यशास्त्र घ्यायचंय आणि पुढे परदेशात एम.ए. करायचंय. घरात दोन पक्ष पडलेत. मला पंच केलंय, म्हणून मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

दहा लाख रुपये, दहा टक्के व्याज, दहा वर्षं. हप्ता येतो १३,२१५ रुपये. सात वर्षांत फेडायचे तर सुमारे १६,६००. परदेशासाठी चाळीस लाख, तोच दर, पंधरा वर्षं. हप्ता सुमारे ४३,००० रुपये. वर जे पगार सांगितले त्यांच्या शेजारी हा आकडा ठेवून बघा. इथे परत येऊन प्राध्यापकी किंवा समाजकार्य करायचं तर तो पेलत नाही. म्हणजे कर्जच ठरवतं की मुलीने परत यायचं नाही, किंवा आपल्या विषयात कामच करायचं नाही. बाबासाहेब ज्या कोलंबियात साडेअकरा पौंडांवर शिकले, तिथली फी आज वर्षाला साठ हजार डॉलरच्या पुढे आहे. अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांवरचं एकूण कर्ज दीड लाख कोटी डॉलरच्या वर गेलंय. त्या देशात हा राजकारणाचा प्रश्न झालाय, तो उगीच नाही.

तीन काळ शेजारी ठेवले तर फरक डोळ्यांत भरतो. १९१३ च्या करारात परतफेड कामाने होती, दहा वर्षांची. १९६३ च्या योजनेत पैशाने किंवा शिकवण्याने, पुन्हा दहा वर्षांची. आजच्या कर्जात फक्त पैशाने. हप्त्याला तुम्ही खेड्यात शिकवता की मोठ्या कंपनीत बसता याच्याशी देणंघेणं नाही. ऑस्ट्रेलियाने १९८९ मध्ये यावर एक तोड काढली. पदवीधराची कमाई ठरावीक रेषेच्या वर गेली तरच करातून परतफेड, तोवर नाही. आपल्याकडे तसं काही नाही, म्हणून ती रेषा घरातच आखावी लागते.

पंच म्हणून मी भावाला सांगितलं ते असं. बी.ए. इथेच करू दे, आपल्या घुमटाखालच्या आर्ट्स फॅकल्टीत. कर्ज लागणार नाही. एम.ए.साठी आधी देशातल्या चांगल्या सरकारी विद्यापीठांत प्रयत्न. परदेशात जायचं तर शिष्यवृत्ती मिळाली तर, आणि वरचं कर्ज तिच्या विषयातल्या देशातल्या एका वर्षाच्या पगाराच्या आत. शिकून झाल्यावर दोन वर्षं हप्ता भरता येईल एवढी रक्कम बापाने आधीच बाजूला टाकावी. आणि विषय बदलायला तिला कुणी सांगू नये. आवडीचा विषय आणि झेपणारं कर्ज यांत बदलायचं ते कर्ज.

आता आपल्या समाजासाठी एक प्रस्ताव. आपली मंडळं गणपतीला आणि कोजागिरीला जो निधी जमवतात, त्यातला थोडा भाग अशा मुलांच्या मधल्या दोन वर्षांसाठी, म्हणजे पदवी ते नोकरी या काळासाठी, बिनव्याजी ठेवता येईल का? फेड पैशाने करा, नाहीतर मंडळाच्या वर्गांत धाकट्या मुलांना शिकवून करा, वर्षाला दहावा हिस्सा. मात्र खातं नीट ठेवू, पत्ता नीट ठेवू. ते काम मी करतो. तेवढं अजून येतं मला.

आणि ज्यांच्या घरी संस्थानच्या शिष्यवृत्तीचे जुने करारनामे, मंजुरीची पत्रं, किंवा कर्ज-शिष्यवृत्तीचे दाखले ट्रंकेत पडले असतील, त्यांनी फोटो काढून खाली टाकावेत. कुणाला किती मिळाले, कुठल्या अटीवर, आणि फेडले कसे, हे एकत्र आलं तर आपल्या गावाचा हा हिशेब पुरा होईल.